रिमार्क्सचा रकाना

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे,
आमची लॅब. दोन खोल्या, एक एसी
आणि तोसुद्धा माणसांसाठी नाही.
प्लास्टिकच्या पट्ट्यांना तेवीस अंश लागतात,
चाळीस तास निवांत पडून राहायला.
मगच त्यांना ओढायचं.

डंबेलच्या आकाराच्या पट्ट्या,
टोकांना रुंद, कमरेत बारीक,
म्हणजे कुठे तुटायचं ते आपणच ठरवून दिलेलं.
पॉलिप्रॉपिलीन आधी पांढरं पडतं,
मग लांबतच जातं, लांबतच जातं,
जबडा वर पोचतो, माझा चहा निवतो,
तरी तुटत नाही.
ओतीव लोखंड मात्र काही सांगत नाही.
आलेख सरळ वर, आणि कट्.
नवी पोरं दचकतात. मी एकवीस वर्षांनी
फक्त डोळे मिटते, आवाजाच्या किंचित आधी.

माइल्ड स्टीलचं वेगळं.
थोडं ओढून सोडलं तर मूळ मापाला येतं,
काही झालंच नव्हतं जणू.
मग एका जागी सुई थबकायची, जराशी मागे यायची.
पागनीस सर तिथे काचेवर बोट ठेवायचे:
"हं. इथून पुढे परतणं नाही."
आता सुई नाही, पडदा आहे.
बोट मी अजून ठेवते.

सोमवारी पाणीगेटहून पंड्याकाका आले.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला हिंचक्याचा दांडा,
वरचा आकडा तुटलेला.
नशीब, तेव्हा हिंचक्यावर नुसती उशी होती.
"बेन, लोखंड भेसळीचं होतं का, एवढंच सांगा.
वडिलांनी पारखून घेतलं होतं."

दांड्याचा तुकडा लेथवर कातून घेतला,
दहा मिलिमीटर व्यास,
पन्नासच्या अंतरावर पंचाने दोन खुणा.
ओढला.
काका पडद्याकडे नाही, सळईकडे बघत होते.
तिची कंबर बारीक होत गेली,
मग तो आवाज.
एक टोक वाटीसारखं,
दुसरं त्या वाटीत बसेल असं.
तुकडे जुळवून घट्ट धरायचे
आणि खुणांमधलं अंतर पुन्हा घ्यायचं,
तुटलेल्याचं माप असंच घेतात.
चौसष्ट. म्हणजे अठ्ठावीस टक्के.
आजच्या कितीतरी सळयांना लाजवील असं.

"मग तुटलं कसं?"

आकडा भिंगाखाली धरला.
ओढून तुटलेलं लोखंड असं दिसत नाही.
एका कडेपासून निघालेल्या रेषा,
शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा,
एकीमागे एक, आत आत सरकत गेलेल्या,
आणि शेवटी नखाएवढा खरखरीत भाग.
शेवटचे दिवस तेवढ्यावर काढले होते त्याने.
रेषा जिथून निघाल्या तिथे एक चरा.
आडवा, सरळ. कानशीचा.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"करकर फार करायचा.
बीजल बारावीला होती, रात्री जागून वाचायची.
मीच स्टुलावर चढून..."
पुढे बोलले नाहीत.
मी फटिगबद्दल सांगायला लागले होते,
झोका किती लहान असला तरी मोजला जातो वगैरे,
ते अर्ध्यावर सोडलं.
"थांबली का मग करकर?"
"थांबली ने," ते म्हणाले. "पास झाली ती."

रिपोर्टात यील्ड, ताणबल, लांबण, सगळं बसलं.
रिमार्क्सच्या रकान्यात लिहिलं: धातू निर्दोष.
त्याखाली ओळभर जागा उरली होती.
त्यांनी विचारलं होतं ते एवढंच, म्हणून सही केली.

तुकडे एरवी भंगाराच्या डब्यात जातात.
काकांनी मागून घेतले.
रिक्षा येईपर्यंत फाटकाशी उभे राहून
वाटीत टोक बसवून बघत होते.
बसत होतं.

आतून पार्थिवने हाक मारली,
"मॅडम, बावीस नंबरची पट्टी जबड्यातून निसटली.
परत लावू?"
निसटलेली धरत नाहीत, म्हटलं. नवी लाव.